तीसपैकी तीस

मंगळवारी सकाळी पावणेआठला सिस्टरनी टेबलाचा खण उघडला, तर आत आठ फॉर्म होते. आदल्या संध्याकाळी खण रिकामा होता, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांनी पहिल्या फॉर्मच्या खुणा मोजल्या. तीसपैकी तीस. दुसरा मोजला. तीसपैकी तीस. तिसरा, चौथा, पाचवा. आठव्यापर्यंत पोचेस्तोवर त्या खुर्चीत बसल्या होत्या. बावीस वर्षांच्या नोकरीत सकाळच्या वेळी सिस्टरना बसलेलं त्या वॉर्डात कुणी पाहिलं नव्हतं.

हा फॉर्म त्यांच्या पीएचडीचा होता. बाळंतिणीच्या मनाचं काय होतं, हा विषय. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांनी नाव नोंदवलं तेव्हा यजमान म्हणाले होते, "आता कशाला हा उपद्व्याप?" सिस्टर म्हणाल्या, "गेली वीस वर्षं बाळाचं वजन रोज लिहितेय. आईला कसं वाटतंय ते लिहायला रकानाच नाही. तो मी करणार." त्यानंतर यजमान कुकर लावायला शिकले.

फॉर्ममध्ये दहा प्रश्न. गेल्या सात दिवसांत मोकळेपणी हसू आलं का, उगीच रडू येतं का, बाळ झोपलं तरी झोप लागत नाही असं होतं का, असे. प्रत्येक प्रश्नाला चार चौकोन, शून्य ते तीन. सगळं छान असेल तर बेरीज शून्य. बेरीज जितकी जास्त तितकं मन खचलेलं. तीस म्हणजे बाईला क्षणभरही एकटं सोडू नये. दोनशे फॉर्म हवे होते. एकशे ब्याण्णव झाले होते आणि उरलेले आठ सिस्टरनी काल, सोमवारी, सिझेरियनच्या खोलीत भरून घेतले होते. त्यांत सगळ्यात जास्त बेरीज होती पाच.

आणि आज त्याच आठ खाटा, तीच नावं, आणि ओळीने तीस. खुणा लाल पेनाच्या.

"मावशी!"

मावशी चादरी टाकून आल्या. त्या वॉर्डात सिस्टरच्याही आधीपासून होत्या.

"हे काय आहे?"

"पेपर."

"कसला पेपर?"

"असं काय करता? फेरपरीक्षेचा. काल संध्याकाळी तुम्ही गेल्यावर झाली."

सिस्टरनी डोळे मिटले. "पहिल्यापासून सांगा."

पहिल्यापासूनची गोष्ट अशी होती. त्या खोलीत खाटा नऊ. एक नंबरच्या बाईची बेरीज गेल्या आठवड्यात एकवीस आली होती. सिस्टरनी तिच्यापाशी तासभर बसून तिचं ऐकून घेतलं, मनाच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं, तिला खिडकीजवळची खाट दिली आणि तिच्या आईला चोवीस तास थांबायची परवानगी दिली. हे सगळं सहा नंबरच्या सासूबाई समोरून बघत होत्या. त्या काही गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी मावशींना गाठलं.

"काय हो, त्या पोरीचा एवढा थाट कशापायी?"

"तिला एकवीस पडले ना," मावशी म्हणाल्या.

"कशात?"

"सिस्टरच्या पेपरात. तीसांचा असतो."

"आणि आमच्या सुनेला?"

इथे मावशींनी म्हणायला हवं होतं की ते सांगायची परवानगी नाही. मावशी म्हणाल्या, "चार."

"चार?" सासूबाईंचा आवाज बाळांच्या खोलीपर्यंत गेला असावा, कारण तिकडे दोन बाळं रडायला लागली. "अहो, शाळेत गणित शिकवते ती! आमच्याकडे आल्यापासून एकाही परीक्षेत मागे पडलेली नाही. चार? तपासलाय कुणी नीट?"

मग त्यांनी इतर खाटांचे मार्क काढले. कुणाला दोन, कुणाला पाच, आठ नंबरच्या पोरीला तर भोपळा. पूर्ण खोली नापास झाल्याचं पाहून त्यांच्यातली कर्ती बाई जागी झाली. त्यांनी मावशींकडून एक कोरा फॉर्म मिळवला, मुलाला फाटकाजवळच्या दुकानात पिटाळून आठ प्रती काढून आणल्या आणि दिवेलागणीला आठही जणींना उठून बसायला लावलं.

"प्रत्येक प्रश्नाला शेवटच्या चौकोनात खूण. विचार कुणी करायचा नाही."

"पण आई, इथं लिहिलंय, जीव नकोसा झालाय असं वाटतं," त्यांची सून म्हणाली.

"वाटेना का. तीन मार्क आहेत त्याला."

मावशींनी हे सगळं कौतुकाने सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "आता सगळ्या पास. तुमचंही नाव झालं."

"मावशी, जास्त मार्क म्हणजे वाईट असतं!"

मावशींचा चेहरा उतरला. "मग त्याला मार्क कशाला म्हणायचं? ताप म्हणायचं."

सिस्टरना हे पटलं, पण पटलेलं दाखवायची ती वेळ नव्हती. त्यांनी मार्गदर्शक मॅडमना फोन लावला. मॅडम हसून हसून बेजार झाल्या. मग म्हणाल्या, "फाडून टाक ते आठ. कालचे खरे धर, शनिवारी प्रबंध दे आणि मोकळी हो."

"मॅडम, शेवटचा प्रश्न जीव नकोसा झाल्याचा आहे. त्याला शून्याच्या वर एक जरी खूण आली, तरी त्याच दिवशी त्या बाईशी एकटीने बोलायचं, असा नियम आहे."

"अगं, पण खुणा खोट्या आहेत ना?"

"सातच्या खोट्या असतील आणि एकीची खरी असेल तर?"

"नियम कुणी केला होता हा?"

"मीच."

पलीकडे मॅडमनी उसासा टाकला. सिस्टरनी फोन ठेवला आणि डॉक्टरीणबाईंच्या नावाने आठ चिठ्ठ्या लिहिल्या. पाचव्या मिनिटाला उलटा फोन आला. "सिस्टर, आठ? एका खोलीत? पाण्यात काही मिसळलंय का?"

"तुम्ही या तर खरं. मी आधी बोलून घेते."

बोलून घेते म्हणणं सोपं होतं. सिस्टर पाच नंबरच्या खाटेजवळ जाऊन "कसं वाटतंय?" म्हणाल्या आणि उत्तर पाच नंबरच्या आत्याने दिलं. दोन नंबरला विचारलं, तर तिच्या सासूने दिलं. चार नंबरला विचारलं, तेव्हा दोन नंबरच्या सासूने दिलं. प्रत्येक बाळंतिणीमागे एक मोठी बाई होती आणि ती हलायला तयार नव्हती. बाहेर बसा म्हटलं तर "बाळाला कोण बघणार?", चहा पिऊन या म्हटलं तर "आत्ताच झाला." सहा नंबरच्या सासूबाई तर पदर खोचून उभ्या होत्या. "निकाल लागल्याशिवाय मी इथून जायची नाही."

सिस्टर खोलीच्या मधोमध थांबल्या. त्यांनी हातातल्या फॉर्मच्या गठ्ठ्याकडे पाहिलं, आणि आवाज चढवला.

"बाळंतिणींचा पेपर संपला. आता मोठ्या बायकांचा. सगळ्यांनी बाहेरच्या बाकावर बसायचं. वेळ पाऊण तास."

मोठ्या बायकांनी आपापले पदर सावरले.

"आमचा?" पाच नंबरची आत्या म्हणाली.

"तुमचा. एकमेकींशी बोलायचं नाही, शेजारणीचं बघायचं नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मावशी वाचून दाखवतील. मावशी, देखरेख तुमची. आणि कमी मार्क चांगले की जास्त, ते यावेळी नीट सांगा."

सात जणी निमूटपणे उठल्या. आठव्या, सहा नंबरच्या सासूबाई, चष्मा पुसत म्हणाल्या, "पुरवणी मिळते का?"

एक नंबरची आई औषधं आणायला खाली गेली होती. दार लागलं आणि त्या खोलीत आठवड्यात पहिल्यांदा फक्त बाळंतिणी आणि बाळं उरली. मग चार नंबरला हसू फुटलं, टाके दुखले म्हणून तिने पोट धरलं, तरी हसू थांबेना.

सिस्टर खाटेखाटेशी स्टूल घेऊन बसल्या. हळू आवाजात, घाई न करता एकेकीला विचारत गेल्या. सहा नंबर म्हणाली, "सिस्टर, मी ठीक आहे. काल खूण केली कारण एका चौकोनासाठी सात दिवस टोमणे कोण ऐकेल? चार खरे होते. आता पाच म्हणा, कालच्या प्रकाराचा एक." बाकीच्यांचंही तसंच निघालं. एकीला झोप नव्हती, एकीला दूध येत नसल्याची काळजी होती. सिस्टरनी सगळं लिहून घेतलं. यांतल्या कुणालाच जीव नकोसा झालेला नव्हता. सात झाल्या.

आठ नंबरची पोरगी एकोणीस वर्षांची होती. तिच्याबरोबर तिची आई असायची, फार मायेची आणि फार बोलकी. "आमच्या लेकीचं काही म्हणणंच नसतं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाळ पाळण्यात होतं.

"कालचे तीस सहा नंबरच्या सासूबाईंनी सांगितले म्हणून ना?" सिस्टरनी विचारलं.

सिस्टर थांबल्या. बाहेर मावशींचा आवाज येत होता: "बघू नका म्हटलं ना तिचं!"

"काल तुम्ही फॉर्म दिलात," पोरगी भिंतीलाच सांगत होती, "तेव्हा आई शेजारी बसून बघत होती. म्हणाली, आपल्या घरात असलं काही नसतं. म्हणून शून्य केलं."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी सगळ्याच शेवटच्या चौकोनात खूण करत होत्या. आईच म्हणाली, कर तूही." तिने मान वळवली. "मग मी खरं लिहिलं. कुणाला कळणार नव्हतं."

सिस्टरच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी ते खिशात ठेवलं आणि तिचा हात हातात घेतला.

"शेवटच्या प्रश्नाचंही खरं?"

पोरीने मान हलवली. मग ती रडायला लागली. सिस्टरनी तिला रडू दिलं, उगी उगी म्हटलं नाही. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा सिस्टरनी आठ चिठ्ठ्यांतल्या सात परत घेतल्या आणि एक त्यांच्या हातात दिली. पोरीला धरून त्या दोघींनी कोपऱ्यातल्या तपासणीच्या खोलीत नेलं. तासाभराने तिथून बाहेर येताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर कळलं. औषध लगेच सुरू करू, आणि पुढचे काही दिवस तिच्यापाशी कायम कुणीतरी हवं. बरी होईल ती." मग त्यांनी पोरीच्या आईला बोलावलं. आई आधी चिडली, मग "माझ्यासमोर का नाही बोललीस गं?" म्हणाली, आणि त्याचं उत्तर आपल्याच प्रश्नात सापडल्यावर लेकीचे पाय मांडीवर घेऊन गप्प बसली. तिला गप्प बसलेलं खोलीने पहिल्यांदाच पाहिलं.

एव्हाना बाहेरचे पेपर मावशींनी गोळा केले होते. कमी ते चांगलं, हे त्यांनी यावेळी इतकं बजावून सांगितलं होतं की सात जणींना शून्य होतं. पाच नंबरच्या आत्याने तर शून्याच्या चौकोनात खात्रीसाठी दोनदा खूण केली होती. आठवा पेपर सहा नंबरच्या सासूबाईंचा. खाडाखोड पुष्कळ होती. सिस्टरनी बेरीज केली. चोवीस. त्यांनी पुन्हा केली. चोवीसच.

त्या बाकावर सासूबाईंशेजारी जाऊन बसल्या.

"मावशींनी सांगितलं होतं ना, कमी मार्क चांगले म्हणून?"

"सांगितलं की. चारदा."

"मग?"

"मग काय? खोटं लिहू?" काल आठ जणींकडून खोटं लिहून घेतलेल्या बाईने हे अगदी ठामपणे विचारलं. "झोप लागते का विचारलंय. नाही लागत. रडू येतं का विचारलंय. येतं, मोरीत जाऊन रडते. मुलगा झाला तेव्हापासनं असंय."

"यात गेल्या सात दिवसांचंच विचारलंय, बाई."

"सात दिवसांचंच लिहिलंय. एकतीस वर्षांचं लिहायला घेतलं असतं तर कागद पुरला नसता. म्हणून तर पुरवणी मागितली."

सिस्टर उठल्या, तपासणीच्या खोलीशी गेल्या आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "आणखी एक चिठ्ठी आहे." सासूबाई आत जाताना "दोन मिनिटांत येते गं," असं सुनेला ओरडून सांगून गेल्या.

सिस्टरनी मॅडमना फोन लावला. आठ नंबरचं सगळं सांगितलं. मॅडम यावेळी हसल्या नाहीत.

"म्हणजे सोमवारचे आठही गेले," त्या म्हणाल्या. "ठीक आहे. नवे आठ घे, दार लावून, एकटीला बसवून. महिनाभर मुदत मी मागून घेते."

"मॅडम, आधीचे एकशे ब्याण्णव घेतले तेव्हा दार उघडं होतं. कुणी ना कुणी शेजारी बसलेलं होतं."

"दोन वर्षांचं काम आहे ते," मॅडम म्हणाल्या.

"हो."

"पुन्हा पहिल्यापासून करणार?"

"दार लावून. रिटायर व्हायला सात वर्षं आहेत अजून. आणि मॅडम, शेजारी बसणाऱ्यांसाठीही एक फॉर्म करावा म्हणते."

"यजमानांना सांगितलंस?"

"आज सांगते. ते आता पोळ्याही करायला लागलेत."

पाऊण तास झाला. तपासणीच्या खोलीचं दार बंदच होतं. चहावाल्याने आत दिलेले दोन कप तसेच परत आले होते. आतून एकच आवाज येत होता, मधे मधे भरून येणारा, मग पुन्हा सुरू होणारा: "आणि पुढचं ऐका, डॉक्टर..." सहा नंबरचं बाळ उठलं आणि भुकेने किंचाळायला लागलं. मावशी दार वाजवायला निघाल्या. "बोलवते हं त्यांना."

"नका, मावशी," सहा नंबर म्हणाली. तिने टाके सांभाळत वाकून बाळाला उचललं. "बसू दे त्यांना. मी आहे ना."