इडवाल प्रॉबर्टची द्रुत लय

पडद्यावर गायकांची तोंडं मिटली, माणसं खाली बसली, ग्विलिम खाटकाने रुमाल काढून नाकसुद्धा पुसलं, तरी गाणं आपलं सुरूच. नेरिस प्रॉबर्टने संपादनाचं यंत्र थांबवलं आणि कपाळावर हात मारला.

"ट्रेवर, कॅमेरा कितीवर चालवलास?"

"चोवीसवर," कॅमेरावाला ट्रेवर अभिमानाने म्हणाला. "सेकंदाला चोवीस चित्रं. खरी फिल्म वापरलीय मी. सिनेमा म्हणजे चोवीस."

"अरे शहाण्या, आपला टीव्ही सेकंदाला पंचवीस दाखवतो. टीव्हीसाठी काढायचं तर सगळे पंचवीसवर काढतात. तुझी चोवीस चित्रं सेकंद भरायच्या आतच संपतात, म्हणून माणसं पुढे पळतायत. आवाज वेगळ्या टेपवर आहे, तो बिचारा आपल्या चालीने मागून येतोय."

"एका चित्राचा तर फरक. कोणाला कळतंय?"

कोणाला कळतंय म्हणे. चूक करणारा माणूस हे वाक्य किती शांतपणे म्हणू शकतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

कारण ही फिल्म साधी नव्हती. नेरिसचे वडील इडवाल प्रॉबर्ट आमच्या लानगेवन गावच्या पुरुष गायकवृंदाचे संचालक. दगडाच्या खाणीतून निवृत्त झालेला, बायको गेल्यापासून एकटा राहणारा माणूस. गायकांना लय दाखवायची पांढरी काठी तेवढी हातात उरली होती. पण त्यांची लय अशी संथ, की मंडळी पुढच्या ओळीची वाट पाहता पाहता मागची विसरत. समितीने गुपचूप ठरवलं होतं: रविवारी फिल्म पाहायची आणि तिथेच मत घ्यायचं, इडवालच्या जागी कोणी तरुण आणायचा का. ग्विलिमने हे नेरिसच्या कानावर घातलं होतं. इडवालना वाटत होतं, फिल्म आपल्या सन्मानार्थ आहे. नेरिसला ते आतून खात होतं.

तिने आवाजाची टेपही तितकीच जोरात फिरवली. चित्र आणि गाणं आता बरोबर संपू लागलं. तेवढ्यात इडवाल डब्यातून मनुकांचा केक घेऊन आले आणि तिच्यामागे उभे राहून ऐकू लागले. त्यांनी खिशातून सूर लावायचा चिमटा काढला, गुडघ्यावर आपटला, कानाला लावला. चेहरा उतरला.

"नेरिस, हे कोण गातंय?"

"तुमचेच लोक, बाबा."

"माझे लोक खाली घसरतात, वर कधीच चढत नाहीत. हे जवळजवळ अर्ध्या स्वराने वर आहे. आमचा मेरिग बघ, शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा वाटतोय. हे दाखवलंस तर मी चॅपेलमध्ये तोंड कुठे लपवू?"

नेरिसने आवाज मूळच्या चालीवर आणला आणि आता चित्राला मागे खेचलं. दर सेकंदाला एक चित्र दोनदा दाखवायचं, की चोवीसाची पंचवीस होतात. गणित अगदी चोख. पण दर सेकंदाला इडवालचा हात हवेत किंचित अडकायचा आणि मग पुढे जायचा.

"मला उचकी लागलीय का?" इडवालनी विचारलं. "डॉक्टरांनी हे पाहिलं तर माझा गाडीचा परवाना काढून घेतील."

ट्रेवर म्हणाला, "सर, मला तर त्यात कलात्मक काहीतरी दिसतंय." त्याला चहा आणायला पाठवलं.

मग नेरिसला सुचलं आणि ती खुर्चीतून उडालीच. चित्रही पळू दे, गाणंही पळू दे. फक्त वेगामुळे चढलेला सूर तेवढा खाली ओढायचा. वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओत बेसूर पोरांना सुरात आणणारी विजेवरची एक पेटी होती. ती तिने हातापाया पडून आणली, तारा जोडल्या, बटण फिरवलं, आणि मेरिग पुन्हा माणसासारखा गाऊ लागला.

इडवालनी डोळे मिटले. चिमटा आपटला. ऐकलं.

"आता बरोबर."

"आणि लय, बाबा?" नेरिसने जीव मुठीत धरून विचारलं.

"लयीला काय झालंय? मी अशीच घेतो."

नेरिसने घाईघाईने फिल्म कॅसेटवर उतरवली.

रविवारी चॅपेलमागच्या खोलीत सगळी समिती जमली. गाणं सुरू झालं आणि पाठ टेकून बसलेली माणसं हळूहळू पुढे सरकू लागली. ओळीमागून ओळ येत होती, कोणी वाट पाहत नव्हतं, इडवालचा हात असा चपळ की बघत राहावं.

"हा एवढा तरतरीत होता?" मेरिग कुजबुजला.

"म्हणजे ओढत आपणच होतो," ग्विलिम म्हणाला. मत घ्यायचा विषय कोणी काढलाच नाही. नेरिस मागच्या बाकावर बसून आनंदाने रडली, आणि ट्रेवरला वाटलं ते त्याच्या छायाचित्रणामुळे.

इथे थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण इडवालनी कॅसेट घरी नेली आणि दिवसभर टीव्हीसमोर उभं राहून तिच्याबरोबर काठी फिरवू लागले. मंगळवारच्या सरावाला ते आले ते त्याच लयीत. दुसऱ्या कडव्यात मेरिगला खुर्ची द्यावी लागली.

"इडवाल, जरा दमानं घे रे," ग्विलिम धापा टाकत म्हणाला.

"दमानं? टीव्हीवर तर मस्त गायलात. सगळ्या समितीने पाहिलंय."

इडवालनी काठी खाली ठेवली आणि फार दुःखाने म्हणाले, "मंडळी, सांगताना वाईट वाटतं. पण समितीपुढे मी एक ठराव ठेवणार आहे. येत्या रविवारी फिल्म पुन्हा पाहू, आणि ज्यांना ही लय झेपत नाही त्यांच्या जागी कोणी तरुण आणायचे का, यावर तिथेच मत घेऊ."

त्याच संध्याकाळी ग्विलिम मेंढीची अख्खी तंगडी घेऊन नेरिसच्या दारात हजर.

"पोरी, ट्रेवरने सगळं सांगितलंय मला. तुझ्या बापाला खरं काय ते सांग."

"सांगते की, ग्विलिमकाका," नेरिस गोड हसून म्हणाली. "पण त्याआधी, मागच्या रविवारी तुम्ही सगळे कशासाठी जमला होतात ते तुम्ही त्यांना सांगा."

ग्विलिम तंगडी तिच्या हातात देऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून लानगेवनचा खाटीक सकाळी दुकान उघडण्याआधी टेकडीवर पळताना दिसू लागला. मेरिग त्याच्या मागे होता, बराच मागे.