सौदामिनीबाई गुळवे दीडच्या घरी ओटी भरावयास गेल्या त्याची हकीकत

श्री. ज्या देवाने चित्रपेटीत माणसे घातली, मारिली आणि फिरोन उठविली, त्यास दंडवत. शके १९४५, शोभन नाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी दुपारच्या मालिकांचे राज्यात महासंगमाचे जे प्रकरण जाहले, ते ऐकिले तैसे लिहिले असे.

राज्य एका वाहिनीचे. प्रजा जेवणखाण उरकोन, भांडी पालथी घालोन पडद्यासमोर बसे, आणि एक वाजता गुळव्यांचे घराणे पाही आणि दीड वाजता सबनिसांचे. दोन्ही घराणी शेजारशेजारची, परंतु मध्ये अर्ध्या तासाची भिंत. इकडचे तिकडे जाणे नाही, तिकडची हाक इकडे ऐकू येणे नाही. दर गुरुवारी दरबारी आकडे येत, की कोणते घर प्रजेने किती पाहिले. आकडा चढला तर घरात लग्न आणि उतरला तर घरात प्रेत, ऐसा कारभार. बायका गुरुवारी लक्ष्मीचा घट मांडीत, दरबार आकडे मांडी, आणि दोघांचेही देव जागृत.

गुळव्यांचे घरी सौदामिनीबाई आईसाहेब थोर. त्यांची मुद्रा ऐसी, की डोळ्यांत पाणी आले म्हणजे अर्धे राज्य पदर शोधी. दोन वर्षांमागे एकच्या घराचा आकडा रसातळास गेला, मग दरबारचा हुकूम आला की बाईंची लेक केतकी हिने मोटारीसकट घाटातून दरीत जावे. आणि केतकी गेली, आणि दिवाणखान्यात तिची तसबीर लागली, आणि तीस चंदनाचा हार घातला, आणि बाई त्या तसबिरीपुढे बसोन ऐशा रडल्या की आकडा वर आला. दरबार खूश जाहला. बाईंचे रडणे मात्र खरे होते, ते हुकुमाने सुरू जाहले तरी हुकुमाने थांबले नाही. रोज सकाळी त्या स्वहस्ते तसबिरीची काच पुसीत आणि दिवसभराची खबर तीस सांगत.

आता या राज्याचा जुना रिवाज ऐसा, की एका घरी मेलेले माणूस दुसऱ्या घरी नवे नाव घेऊन उठते आणि त्यास मागचे काही स्मरत नाही. केतकी दीडच्या घरी ऋजुता म्हणोन उठली, सबनिसांची सून जाहली आणि सुखाने नांदू लागली. मध्ये भिंत होती तोवर कोणाचे काही अडले नाही. बाईंस तर गंधवार्ताही नव्हती.

मग त्या मार्गशीर्षात दोन्ही घरांचे आकडे एकदम बसले. दरबार घाबरा जाहला आणि म्हणाला, भिंत पाडा, महासंगम करा. दरबारचे कथाकार नवे आणि तरतरीत, परंतु जुने भाग पाहण्यास त्यांस सवड नव्हती, त्यामुळे गुळव्यांची मेलेली लेक आणि सबनिसांची सून यांचा चेहरा एकच, हे कोणाचे ध्यानीही आले नाही. त्यांनी ठरविले की ऋजुतेस दिवस गेले आहेत तर डोहाळजेवण करावे, आणि सासू कुमुदबाई सबनीस यांची बालमैत्रीण म्हणोन सौदामिनीबाईंनी जाऊन ओटी भरावी. ही मैत्री आदले दिवशी दुपारी निर्माण जाहली.

बाई पैठणी नेसोन दीडच्या घरी दाखल जाहल्या. मखर सजले होते, झोपाळ्यावर हिरव्या साडीत पोर पाठमोरी बसली होती, आणि कुमुदबाईंनी हाक मारताच ती वळली, तो बाईंस केतकीच दिसली. त्यांनी खांब धरिला. इतक्यात संवाद पोचविणारे भार्गवपंत धावत आले. दरबारी जुने माणूस तेवढे एकच उरले होते. त्यांनी बाईंस मखरामागे नेले.

"बाई, चेहरा आवरा."

"भार्गवपंत, ती माझी केतकी आहे."

"होती. आता सबनिसांची आहे. मी आत्ताच वर कळवलं. ते म्हणतात, लोकांच्या काही लक्षात राहत नाही, रेटून न्या. पण तुमच्या चेहऱ्यावर ओळख दिसली, तर दोन्ही घरांची कथा फाटते. मग पोरीला घालवावं लागेल. जिन्यावर तेल आधीच सांडून ठेवलंय."

"अहो, पोटुशी आहे ती!"

"म्हणून तर आकडा चांगला येईल, असं म्हणतात."

 बाई दोन वर्षे तसबिरीशी बोलल्या, आणि आज ती दहा पावलांवर जिवंत बसली होती, आणि तीस पोटाशी धरावे तर ती मरावी. मग बाईंनी पदराने तोंड पुसले आणि बाहेर आल्या. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड घेऊन त्यांनी ओटी भरिली. पोरीने ओटी घेताना खालचा ओठ दातांत धरिला, तो केतकी वेणी घालून घेताना धरी तैसाच. कॅमेऱ्याने रिवाजाप्रमाणे बाईंचे मुद्रेवर तीन झेपा घेतल्या, विजा कडाडल्याचा नाद जाहला, परंतु मुद्रा हलली नाही. राज्यात त्यांनी पुष्कळ रडून दाखविले होते; न रडणे हे त्याहून मोठे काम त्या दिवशी केले, आणि त्याची वाहवा कोणी केली नाही.

"काकू, तुमचे हात किती गार आहेत हो," पोर म्हणाली.

बाईंनी ठरलेला आशीर्वाद दिला. मग हुकुमात नसलेले बोलल्या, "जिना उतरताना कठडा धरत जा हं. आणि खाली काही सांडलंय का, ते आधी बघत जा."

पोर हसली. "अगदी आईसारखं बोलता!"

"सगळ्या बायका असंच बोलतात, बाळ," बाई म्हणाल्या आणि निघाल्या.

घरी आल्या, दिवे लावले, आणि सवयीने तसबिरीपाशी गेल्या तो हार तोच, चौकट तीच, आणि आत एक अनोळखी मुलगी हसत होती. प्रजेपैकी दोघीचौघींनी वाहिनीस विचारले होते, की ही सून तर त्या घरी मेली होती ना? मग दरबाराने विचार केला, की जित्यास बदलण्यास खर्च फार, मेलीस बदलावे. जुनी तसबीर कोठे गेली ते कोणास ठाऊक नव्हते. दुसरे दिवशी केतकीचे दुसऱ्या वर्षाचे श्राद्ध लाविले होते, आणि बाईंस हुकूम की तसबिरीपुढे रडावे. बाई त्या परक्या पोरीपुढे बसल्या, आणि कालचे सारे अडलेले रडे एकदम आले, आणि ऐशा रडल्या की दिवे धरणारे गडीही मान फिरवोन उभे राहिले.

"बाई, फार उत्तम झालं," भार्गवपंत हळूच म्हणाले.

बाईंनी त्यांची बाही धरिली. मधली भिंत पुन्हा उभी जाहली होती.

"भार्गवपंत, मी चेहरा हलू दिला नाही. आता तरी ते तेल पुसलं ना?"

भार्गवपंतांनी बाही सोडवोन घेतली. "पुसलं होतं," म्हणाले. "पण दीडचा आकडा उतरला, तर पुन्हा सांडतील. तो यायचाय अजून. गुरुवारी."

येणेप्रमाणे महासंगम पार पडला. एकच्या घराचा आकडा चढणार म्हणोन दरबारी आधीच पेढे वाटले, आणि बाई गुरुवारची वाट पाहत परक्या लेकीची काच पुसत राहिल्या. इति.