हजेरी पूर्ण चाळीस

माणसं कमी पडत असतील तर मी कापून, शिवून, इस्त्री करून देतो, असं मी भर सभेत छातीवर हात मारून सांगितलं आणि तिथंच माती खाल्ली.

मी कटर. शर्टांच्या कारखान्यात पंचवीस वर्षं कापड कापलं. शाळा सातवीत सोडली, त्यामुळे लाजबिज फारशी शिकवली गेली नाही. झालं ते जसंच्या तसं लिहितो.

कारखाना बंद पडून तीन वर्षं झाली होती. गाव असं रिकामं, की भर दुपारी रस्त्यानं जाताना आपल्याच चपलांचा आवाज मागून यायचा आणि आपणच वळून बघायचो, कोण आलं म्हणून! कोणी नसायचं. एवढं नसायचं, की ते नसणंच खिडक्यांमधून आपल्याकडे बघतंय असं वाटायचं.

अशात बातमी आली. शासन, एक कंपनी आणि एक सेवाभावी संस्था, अशा तिघांनी मिळून छोट्या गावांना उभं करायचं ठरवलंय. कारखाना पुन्हा उघडणार! अट एकच. पाहणीच्या दिवशी कामाला तयार असलेली चाळीस माणसं शेडमध्ये कामावर दिसली पाहिजेत. एकोणचाळीस दिसली तर गाडी पुढच्या गावाला. आमचं गाव रिकामं झालंय म्हणून योजना, आणि योजनेसाठी गाव भरलेलं पाहिजे! हे ज्यानं लिहिलं त्याच्या डोक्यातली कात्री गंजलेली असणार.

सभा भरवून मोजलं, तर कामाला तयार असे आम्ही होतो नऊ.

त्या नवांत माझी थोरली बहीण. ताईनं तीस वर्षं कॉलरी लावल्या. मेहुणे गेले, भाचा शहरात, तो रोज फोन करून बोलवायचा. ताईनं मला बजावलं होतं, "कारखाना उघडला तर राहते. नाही उघडला तर महिनाअखेरीस जाते. इथं बसून भिंतींशी किती बोलू?"

ताई गेली असती तर मला प्रेमानं 'गाढवा' म्हणणारं गावात कोणी उरलं नसतं. बायको म्हणते, पण तिच्या तोंडून ते मूल्यमापन वाटतं.

तर कापडाचं मोठं दुकान बंद पडलं होतं, त्याच्या माडीवर धूळ खात पडलेले पुतळे मी मोजले. एकतीस! नऊ आणि एकतीस किती? इथपर्यंतचं गणित सातवीच्या आधीच होतं.

हातगाडीवरून चार फेऱ्या मारून पुतळे शेडमध्ये आणले. बायको कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.

"सगळ्यांना एकच तोंड?" ती म्हणाली. "साहेब लोक काय आंधळे असतात?"

"मग?"

"मग काय! हापिसच्या कपाटात सगळ्यांची ओळखपत्रं पडलीयेत ना जुनी?"

ही बायको शिकली असती तर योजना तिनंच लिहिली असती. फोटोवाला आमच्या नवांतलाच. त्यानं ओळखपत्रांवरचे चेहरे डोक्याएवढे मोठे करून दिले. बायकोनं खळ शिजवली आणि आम्ही एकेक चेहरा पुतळ्यांवर डकवत गेलो. गाव सोडून गेलेली आमचीच माणसं! कोणाला कुठं बसवायचं हे ठरवावंसुद्धा लागलं नाही. हात आपोआप ज्याला त्याच्या खुर्चीकडे नेत होते. शेवटचा चेहरा चिकटवून मी मागे वळलो आणि अंगावर काटा आला. शेड भरली होती. आणि आवाज नव्हता.

दुपारी ताई आली. दारातच थबकली. मला वाटलं, आता चप्पल काढते. पण ती रांगेतून फिरू लागली. एकीची मान सरळ केली. एकीच्या डोक्यावरचा केसांचा टोप उचलून फिरवला. "ही भांग उजवीकडे पाडायची." मग तिच्या पंधरा नंबरच्या खुर्चीशी आली आणि शेजारी बघून किंचाळली.

"चौदा नंबरला कोणाला बसवलंस?"

"मिशीवाले काका."

"अरे गाढवा, ते वारले! दोन वर्षं झाली!"

"फोटो चांगला होता, ताई."

ताईनं काकांच्या मिशीवर आलेली खळ पदरानं पुसली. मग आपल्या खुर्चीत बसली आणि सवयीनं म्हणाली, "काका, कोपर जरा तिकडे घ्या."

पाहणी सकाळी अकराला. पुतळ्यांच्या हातांना मी कापडाचे तुकडे टाचले होते. आमची सगळी मशीनं एका मोटरवर चालतात. मोटर सुरू केली की कापड सरकायचं आणि कापडाबरोबर हात. एकतीस जण एकाच वेळी हात पुढे न्यायचे आणि एकाच वेळी मागे. ते बघून आमच्या आठ जिवंत माणसांचे टाके चुकायला लागले. ताईचे नाहीत.

तिघं आले. शासनाचे साहेब, कंपनीच्या बाई आणि संस्थेचा एक दाढीवाला. साहेब आणि बाई काचेच्या केबिनमधूनच बघत होते.

"काय हो, कोणी बोलत कसं नाही?" साहेब.

"कामात आहेत साहेब!"

"आणि कोणाच्याही हातात मोबाईल नाही!" बाईंच्या डोळ्यांत पाणी. "आमच्या मुख्य कचेरीत असे चार जण मिळाले तर मी सोन्यानं मढवीन!"

एवढ्यावर निभावलं असतं. पण दाढीवाल्याला माणसांत मिसळायची खोड. तो तडक आत घुसला आणि नेमका चौदा नंबरसमोर उभा राहिला.

"काका, कसे आहात?"

मी धावत गेलो. "त्यांना ऐकू येत नाही!"

"मग खुणेनं विचारतो."

"दिसतही नाही!"

"न दिसता शिवतात?"

"पस्तीस वर्षांची सवय!"

दाढीवाल्याला गहिवरून आलं. त्यानं काकांचा हात हातात घेतला. "किती गार आहे हो! आणि किती टणक!"

"कष्टाचा हात आहे," पंधरा नंबरवरून ताई म्हणाली. मान वर न करता! तिचा आवाज इतका सरळ होता की क्षणभर मलाही ते खरंच वाटलं.

दाढीवाला वाकून काकांच्या कानात ओरडला, "काका, तुम्हाला याच गावात राहायचंय ना?"

आणि काकांनी मान हलवली.

पंखा होता हो! कोपऱ्यातला उभा पंखा फिरत फिरत तिकडे वळला आणि त्या झोतानं मान एकदा खाली, एकदा वर झाली. मला ठाऊक आहे पंखा होता. तरी माझ्या पाठीवरून घामाचा थेंब खाली गेला तो थेट चपलेपर्यंत.

योजना मंजूर! तीन सह्या, तीन शिक्के, पाच भाषणं. जाता जाता दाढीवाल्यानं काकांना कामगार प्रतिनिधी नेमलं. "समितीत त्यांचा आवाज हवा," म्हणाला.

मी मनात म्हटलं, पहिल्या दिवशी निभावलं, आता बाहेर गेलेल्या माणसांना निरोप धाडू, एकेक जण परत येईल, एकेक पुतळा उठवू. पण दुसऱ्याच दिवशी कंपनीनं छताला कॅमेरा लावला. पाहणीच्या दिवशी टिपलेले चाळीस चेहरे त्यात भरलेले. रोज सकाळी कॅमेरा सगळ्यांकडे डोळा फिरवायचा आणि एक गोड बाई छतातून बोलायची, "हजेरी चाळीस. आपला दिवस चांगला जावो!"

पहिला आठवडा मजेत गेला. मग निरोप ऐकून एक खरा कारागीर शहरातून परत आला. मी त्याचा पुतळा उठवून त्याला खुर्चीत बसवला. छतातली बाई म्हणाली, "अनोळखी व्यक्ती. कृपया बाहेर जा." तीन वर्षांत गडी वाळला होता, केस पिकले होते. फोटोतला तो तरुण होता. पुतळा परत ठेवला. "हजेरी चाळीस!" तो दारात उभा राहून स्वतःकडे बघत राहिला आणि दुपारच्या बसनं निघून गेला.

आता खरी मेख ऐका. शर्ट कोणी मागितलाच नाही! साहेबांना फोटो हवे होते, ते मिळाले. बाईंना हजेरी हवी होती, ती मिळाली. दाढीवाल्याला गोष्ट हवी होती, ती त्यानं चार शहरांत सांगितली, रडला, टाळ्या घेतल्या. शर्ट ही गोष्ट त्यांच्यातल्या एकाच्याही कागदावर नव्हती! आमची नऊ माणसं शिवायची आणि ढीग भिंतीला लागायचे.

एका सकाळी मी कुलूप काढून आत गेलो, तर काकांच्या मशीनवर तीन कॉलरी शिवून ठेवलेल्या. उचलून बघितलं. शिलाईच्या शेवटी तीन उलटे टाके! ही सवय जगात फक्त मिशीवाल्या काकांची! फोटोतले काका माझ्याकडे बघत होते. मी "अगं आई गं!" करून जो पळालो तो दारात ताईवर आदळलो.

"काका! काकांनी शिवलं!"

"मी शिवलंय, गाढवा. काल, जाता जाता."

"त्यांच्या मशीनवर? त्यांच्या उलट्या टाक्यांनी?"

"मग काय करू? दिवसभर शेजारी रिकामे बसलेले बघवतात का?" ताई पिशवी ठेवत म्हणाली. "त्या कोपऱ्यातलीचं पण थोडं करते. तिचं काम नेहमी मागे पडायचं."

तेव्हा लक्षात आलं. ताई रोज रांगेतून फिरायची. याच्या दोन कॉलरी, तिच्या दोन बाह्या. सगळ्यांशी बोलायची. आणि मी बघितलंय, बोलून झाल्यावर थोडं थांबायची, उत्तराला जागा ठेवल्यासारखी.

महिन्यानं तिघांची मिळून बैठक झाली आणि ताईच्या नावानं नोटीस आली. मीच वाचून दाखवली.

"खुर्ची क्रमांक पंधरा या महिन्यात चारशे बारा वेळा जागेवरून उठल्या. खुर्ची क्रमांक चौदा एकदाही उठले नाहीत. तरी क्रमांक पंधरा यांनी क्रमांक चौदा यांच्या हाताखाली दोन आठवडे शिस्तीचं प्रशिक्षण घ्यावं."

ताई हळूच उठली. चारशे तेरा.

"मी सगळं खरं सांगून टाकतो!" मी ओरडलो आणि फोन लावला. साहेब म्हणाले, "छे छे! माणसं कंपनीनं तपासलीयेत." बाई म्हणाल्या, "शक्यच नाही, संस्थेनं प्रत्येकाला भेटून खात्री केलीय." दाढीवाला म्हणाला, "अहो, शासनाचा शिक्का आहे! पण तुमची तक्रार मी मनावर घेतो. नियमानुसार ती कामगार प्रतिनिधींकडे पाठवतो." दुसऱ्या दिवशी माझंच पत्र टपालानं आलं. चौदा नंबरच्या नावे.

मी ते काकांच्या समोर ठेवलं. अजून विचाराधीन आहे.

ताई शनिवारी निघाली. मी बॅग धरून बसथांब्यापर्यंत आडवा येत होतो.

"ताई, कारखाना उघडला की! राहीन म्हणाली होतीस!"

"उघडलाय ना. पण माणसांसाठी नाही उघडला रे." ती बसमध्ये चढली. "भिंतींशी बोलत होते ते बरं होतं. भिंती निदान ओळखीच्या चेहऱ्यानं गप्प बसत नाहीत."

बस गेली. मी तिथंच उभा, टाचून ठेवल्यासारखा. तेवढ्यात आठवलं, सोमवारी हजेरी एकोणचाळीस लागणार! अट म्हणजे अट. शेड बंद, आणि माझ्यासकट उरलेली आठही घरं रस्त्यावर. मी किती शिव्या दिल्या आणि कोणाकोणाला दिल्या ते इथं लिहीत नाही, कागद पेटेल. रविवारी दुकानाच्या माडीवर पुन्हा चढलो. मानेपासून तुटलेला म्हणून मोजणीत न धरलेला एक पुतळा कोपऱ्यात होता. फोटोवाल्यानं ताईचा पाहणीच्या दिवशी काढलेला फोटो मोठा करून दिला. बायकोनं खळ शिजवली. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

"हजेरी चाळीस. आपला दिवस चांगला जावो!"

पंधरा नंबरची शिस्त आता वाखाणण्यासारखी सुधारली, असं बैठकीत नोंदवलंय. प्रमाणपत्र आलंय, तेही मी तिच्यासमोर उभं करून ठेवलंय.

ताईचा दर रविवारी फोन येतो. जेवलास का विचारते, गाढवा म्हणते. मग जरा थांबून विचारते, "माझ्या जागेवर कोण बसतं रे आता?"

काय सांगू? खोटं बोलायची सवय मोडायचीय मला. खरं तेच सांगतो.

"तूच, ताई."