तीन लाल ठिपक्यांची तबकडी

वेळ दाखवणं हे घड्याळाचं अगदी बालपणातलं काम आहे. वयात आलेल्या घड्याळाने ते सोडून द्यावं. याच उदात्त विचाराने बोईसरला आमचं 'जुनी गजराची मनगटी घड्याळे संग्राहक मंडळ' स्थापन झालं. सभासद एकोणीस, घड्याळं दोनशे बारा, चालू एकही नाही. (चावी दिली की स्प्रिंग झिजते. गजर वाजला तर विचारूच नका.) सगळ्यांचे काटे दहा वाजून दहा मिनिटांवर; तिथे तबकडीवरचं नाव झाकलं जात नाही. त्यामुळे आमची सभा दहा-दहाला सुरू होते आणि दहा-दहालाच संपते. वक्तशीरपणा म्हणतात तो हाच.

सभेचं काम म्हणजे तबकड्यांची तुलना. अंक सरळ की तिरपे, गजराचा काटा टोकदार की बोथट. बाराखालची एक रेघ केसभर जाड आहे की नाही, यावरून अध्यक्ष रामनाथ चुरी आणि चिटणीस इंद्रजीत सात महिने एकमेकांशी बोलत नव्हते. अशी निष्ठा हल्ली बघायला मिळते कुठे?

मार्चच्या सभेला चिंचणीच्या साखरबाई आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, मनगटावर गेलेल्या नवऱ्याचं गजराचं घड्याळ. चावी घट्ट झाली होती, म्हणून रिक्षावाल्याने 'घड्याळवाल्यांकडे' आणून सोडलेलं.

"यात जरा तेल घाला," त्या म्हणाल्या. "डाक्टरनं चार-चार तासांनी थेंब सांगितलंय. मना आकडं दिसत नाय, म्हनून गजर लावाला ठिपकं काढलंय."

तबकडीवर चार, आठ आणि बारापाशी नेलपॉलिशचे तीन लाल ठिपके होते. सभागृह गहिवरलं. हा प्रकार आजवर कुठल्याच यादीत नव्हता.

तेवढ्यात घड्याळ किर्रर्र वाजलं. आता मनगटी घड्याळाचा गजर कसा वाजतो, हे आमच्यापैकी कोणी ऐकलेलंच नव्हतं. सगळे केमिकल कारखान्यांतून निवृत्त झालेले. वाटलं, कोणाच्या तरी खिशातला गॅस डिटेक्टर बोंबलला. अर्ध्या मिनिटात नाकाला ओले रुमाल लावून, वाऱ्याचा रोख बघून, रांगेने सगळे बाहेर पिंपळाखाली. डोकी मोजली, एकोणीस, बरोबर. (साखरबाई सभासद नसल्याने मोजण्यात धरल्या नव्हत्या.) परत आलो तर त्या खुर्चीत मान मागे टाकून डोळ्यात थेंब घालत होत्या. बारा वाजले होते.

"वाजनारंच ना ते! पलताय काय?" त्या म्हणाल्या.

मग ठराव आला: ठिपके मूळ कारखान्यातले की नंतरचे, याचा निकाल लागेपर्यंत घड्याळ मंडळाच्या ताब्यात राहील. मंजूर, एकमताने. हात मीही वर केला. रामनाथभाऊंनी साखरबाईंना सांगितलं, "तेल घालून देतो." त्यांनी विश्वासाने घड्याळ काढून दिलं.

"पन तंवर थेंबाचं मना कोन सांगंल?"

हा मुद्दा विषयपत्रिकेत नव्हता. इंद्रजीतने शिक्का मारून पोचपावती दिली.

निकाल सतरा दिवसांनी लागला. ठिपके नंतरचे, दर्जा क. आम्ही ते हलक्या हाताने खरवडले, तबकडी मूळ रूपात आणली, काटे दहा-दहावर नेऊन गजर कायमचा बंद केला आणि घड्याळ चिंचणीला सन्मानाने पोचतं केलं. तेल घालायचं राहूनच गेलं.

साखरबाईंच्या डोळ्यावर पुन्हा पट्टी होती. थेंब चुकले, डोळा पिकला, आता त्याने दिसायचं नाही, असं सून अर्चना म्हणाली. साखरबाईंनी घड्याळ कानाला लावलं. बराच वेळ लावून धरलं.

"वाजत नाय," त्या म्हणाल्या.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मंडळाच्या घटनेत त्याची तरतूद नाही.

हा वृत्तांत मी बऱ्याच जणांना वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर प्रत्येकाने एकच विचारलं, घड्याळ कुठल्या कंपनीचं होतं? तुमच्याही ओठांवर तेच असणार. डोळा उजवा की डावा, हे मी कुठेच लिहिलेलं नाही. लिहिलेलं नाही हेही तुमच्या आत्ता, मी सांगितल्यावरच लक्षात येत असेल, तर सभासदत्वाचा अर्ज सोबत जोडला आहे.