ऐनवेळचा विषय

बोरकुंडीची ग्रामसभा वर्षातून दोनदा नियमितपणे भरत असे, आणि ती भरते हे गावात फक्त एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माणूस म्हणजे ग्रामसेवक शालिग्राम पाटील. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन उरकलं, पोरांच्या हातावर गोळ्या पडल्या, की शालिग्रामभाऊ ग्रामपंचायतीच्या खोलीत पंख्याखाली बसत, इतिवृत्ताची वही उघडत आणि एकट्यानेच ग्रामसभा भरवत. शेजारी मतदारयादी ठेवलेली असे. यादीतलं एक नाव उचलायचं, त्याला उभं करायचं, त्याच्या तोंडी एखादी सूचना घालायची आणि दुसऱ्या नावाकडून अनुमोदन घ्यायचं. मग कोतवाल झुलाल ती वही बगलेत मारून घरोघर फिरे आणि लोक सह्या-अंगठे देत. कशावर देतो आहोत हे विचारायची पद्धत नव्हती. चुकून कोणी विचारलंच तर झुलाल म्हणे, "सरकारी शे," आणि तेवढं पुरे होई.

खोटंच लिहायचं तर माणूस दोन ओळींत उरकतो. शालिग्रामभाऊंना ते जमत नसे. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेला माणूस, नागरिकांचे हक्क, लोकांचं सार्वभौमत्व असले शब्द वापरायला त्यांना उभ्या तालुक्यात दुसरी जागा नव्हती. शिवाय ज्यानं जे बोलायला हवं तेच त्याच्या तोंडी घालायची त्यांना खोड होती. त्यामुळे वहीतली बोरकुंडी फार जागरूक होती. तिथले नागरिक प्रश्न विचारत, परस्परांच्या मताचा आदर करत आणि शेवटी आभारही मानत. खरी बोरकुंडी त्या वेळी केळीला पाणी देत असे, नाहीतर पारावर पत्ते कुटत असे.

भाऊंच्या पत्नी सुनंदाबाई पाचोऱ्याला शाळेत शिक्षिका होत्या. शनिवारी संध्याकाळी पाचोऱ्याला जायचं आणि सोमवारी सकाळी परत बोरकुंडी, असं सहा वर्षं चाललं होतं. मुलगी आता त्यांना "बाबा, कधी आलात?" असं विचारायचं सोडून "बाबा, कधी जाणार?" असं विचारू लागली होती. भाऊंना ते फार लागलं होतं. बदलीचे तीन अर्ज परत आले होते. पण यंदा नवे विस्तार अधिकारी आले आणि त्यांनी सरळ सांगितलं, "सव्वीस जानेवारीला तुमची ग्रामसभा बघायला येतो. सगळं ठीक दिसलं तर शेरा चांगला देईन. मे महिन्यात पाचोऱ्याला जा."

शेरा, मे महिना आणि पाचोरा हे शब्द भाऊंच्या कानात गोड वाजले. 'बघायला' हा शब्द मागाहून कळला. त्यांनी झुलालला हाक मारली.

"झुलाल, परवा शंभर माणसं पाहिजेत."

"कोनं लगीन शे का?"

"ग्रामसभा आहे."

"मंग कोनीच येत नही," झुलाल म्हणाला. "तठे व्हस तरी काय?"

भाऊंनी विषयपत्रिका वाचली. "विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. म्हणजे मागच्या वेळी कोण काय बोललं, ते वाचून दाखवायचं."

झुलालने डोकं खाजवलं, डफ उचलला आणि तो बाहेर पडला. थोड्याच वेळात मारुतीच्या देवळाकडून त्याची आरोळी ऐकू आली, "ऐका हो ऐका! मांगली सभामा कोन काय बोलनं, ते परवा दिन बठ्ठं नावनिशी वाचतीन हो!"

संध्याकाळपर्यंत गावात दुसरा विषय उरला नाही. आपण कुठल्याच सभेत काही बोललो नाही, हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. याचा अर्थ एकच होता. दुसरा कोणीतरी आपल्याविषयी बोलला होता. शेताच्या बांधावरून, पाण्याच्या बारीवरून ज्यांचं वर्षानुवर्षं पटत नव्हतं, त्यांनी तर सव्वीस तारखेची पाण्याची पाळीच दुसऱ्याला देऊन टाकली.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात शंभराच्या जागी अडीचशे माणसं जमली. बायाही आल्या. मोटारसायकलवरून उतरलेले विस्तार अधिकारी गर्दी बघून हरखले. सरपंच तोताराम नाना जन्मात पहिल्यांदाच ग्रामसभेच्या अध्यक्षपदी बसत होते, त्यामुळे ते खुर्चीच्या अगदी टोकावर बसले. भाऊंनी वही उघडली आणि शेवटचा प्रयत्न करून पाहिला.

"मागील इतिवृत्त वाचलं असं समजून आपण पुढच्या विषयाकडे—"

"समजून नाही, वाचा," साहेब म्हणाले. "ऐकण्याचा हक्क आहे लोकांचा."

"वाचा, वाचा!" अडीचशे लोकांनी आपला हक्क बजावला.

भाऊ वाचू लागले. "श्री. जीवराम शेनपडू पाटील यांनी सभेचे लक्ष वेधले की, शाळेच्या व्हरांड्यात जनावर बांधले जात असल्याने विद्यार्थ्यांची गैरसोय होते. सार्वजनिक जागेवर सर्व नागरिकांचा समान हक्क असून सदर अतिक्रमण त्वरित दूर व्हावे."

सगळ्यांच्या माना शाळेच्या व्हरांड्याकडे वळल्या. तिथे एक म्हैस बांधलेली होती आणि ती जीवरामची होती.

जीवराम ताडकन उठला. "मी बोलनू असं?"

"लिखेल शे तठे!" मागून कोणीतरी ओरडलं. "आन म्हैस बी तुनीच शे!"

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "थांबा. म्हैस यांची आणि मुद्दाही यांनीच मांडला? स्वतःच्या विरुद्ध?" त्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबच टाळ्या वाजवतात म्हटल्यावर सगळ्या पटांगणाने वाजवल्या. जीवरामसाठी याआधी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. नाही म्हणायला उघडलेलं त्याचं तोंड हळूहळू मिटलं.

"हाव, बोलनू," तो म्हणाला. "म्हैस मनी शे म्हनून काय झालं? खरं ते खरं." आणि सगळ्यांच्या देखत त्याने म्हैस सोडली आणि तो तिला घेऊन घराकडे चालू लागला.

भाऊंनी घाम पुसला. पुढचं नाव होतं स्वस्त धान्य दुकानाचे चालक कन्हैयालाल यांचं. त्यांनी वहीत अशी सूचना मांडली होती की, दुकानात आलेला माल आणि त्याचा भाव रोज फळ्यावर लिहून बाहेर लावावा, कारण ते जाणून घेणं हा ग्राहकाचा हक्क आहे.

"हे मी बोललो?" कन्हैयालाल उडालेच. "अहो भाऊसाहेब, मी तर त्या दिवशी नंदुरबारला—" त्यांनी आजूबाजूला पाहिलं. साखरेसाठी महिनोन्‌महिने हेलपाटे मारणारं सगळं गाव त्यांच्याकडे कौतुकाने बघत होतं. काही बाया तर टाळ्यांसाठी हात उचलून बसल्या होत्या. "—नंदुरबारला जायच्या आधीच बोललो होतो," त्यांनी वाक्य पुरं केलं आणि ते खाली बसले.

भाऊंनी पान उलटलं. पुढचं नाव कौतिक आबांचं होतं. मतदारयादी जुनी होती. आबा ज्येष्ठात वारले होते आणि वहीप्रमाणे पंधरा ऑगस्टला त्यांनी चांगलं पाच मिनिटं भाषण केलं होतं. भाऊंनी गुपचूप पुढचं पान उलटलं.

"एक राहिलं," साहेब वहीत डोकावून म्हणाले.

"श्री. कौतिक झिपरू महाजन यांनी," भाऊ बारीक आवाजात वाचू लागले, "आपल्या गल्लीतील महिलांना पाण्यासाठी लांब जावे लागते, सबब तेथे सार्वजनिक नळ बसवावा, अशी कळकळीची विनंती केली."

लोक एकमेकांकडे बघू लागले. झुलालला राहवेना. "पन आबा तं जेठमाच—"

"झुलाल, बस खाले!" कौतिक आबांची बायको बेबाबाई उठून उभी राहिली. "चाळीस वरीस संसार करा मी त्यासना संगे. घरमा कधी तोंड उघाडं नही. पन नळसाठे बोलनात ना? मंग बोलनात! आते कोनी मधमा बोलू नका."

"कुठे आहेत आबा?" साहेबांनी विचारलं.

"गयात," बेबाबाई म्हणाली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. ते खरं रडणं होतं. कधी गेले हे साहेबांनी विचारलं नाही आणि गावानेही सांगितलं नाही. माणसाने शेवटची मागणी स्वतःसाठी न करता गल्लीसाठी केली, म्हणून साहेबांचा आवाज भरून आला. नळ सगळ्यात आधी बसवायचं ठरलं.

इतिवृत्त सर्वानुमते कायम झालं. एकानेही हरकत घेतली नाही. वहीतला आपल्या नावाचा माणूस ज्याला त्याला स्वतःपेक्षा बरा वाटला होता. भाऊंनी सुटकेचा श्वास टाकला.

मग साहेब बोलायला उभे राहिले. "राज्यघटनेत सत्ता लोकांची म्हटलंय. कागदावर सगळीकडेच असते. मी ती आज डोळ्यांनी बघितली. याचं श्रेय तुमच्या ग्रामसेवकांना. असा माणूस मे महिन्यात तुमच्यातून पाचोऱ्याला जाईल, कारण मी आजच तशी शिफारस करणार आहे."

भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षांनंतर आपण रोज संध्याकाळी घरी जाणार, मुलीचा अभ्यास घेणार, एवढंच त्यांच्या मनात आलं.

"कोठे जातीन?" म्हैस घरी बांधून जीवराम परत आला होता. "भाऊसाहेब पाचोऱ्याले? आमले ईचारं का कोनी?"

"आन मना नळ?" बेबाबाई म्हणाली.

"साहेब," कन्हैयालाल अदबीने उठले. त्यांनी तासाभरात बरंच काही उचललं होतं. "हा विषय ऐनवेळच्या विषयांत घेता येईल का?"

"अध्यक्षांची परवानगी असेल तर," साहेब म्हणाले. अध्यक्ष तोताराम नाना आता खुर्चीत नीट टेकून बसले होते. त्यांनी परवानगी दिली.

जीवरामने सूचना मांडली की भाऊसाहेबांची बदली करू नये. बेबाबाईने अनुमोदन दिलं.

"मला जरा बोलायचं आहे," भाऊ घाईघाईने उभे राहिले.

"तुमचं नाव कुठल्या मतदारयादीत आहे?" साहेबांनी विचारलं.

"पाचोऱ्याच्या."

"मग या ग्रामसभेत तुम्हाला बोलता येणार नाही. मत तर नाहीच."

नियम बरोबर होता. वहीतल्या एका सभेत भाऊंनी स्वतःच शेजारच्या गावच्या एका आगंतुकाला याच नियमाने गप्प केलं होतं. ते खाली बसले. अडीचशे हात वर गेले. "ईरोधमा कोन?" असं नानांनी विचारलं, तेव्हा विरोधात असलेला एकमेव माणूस पेनाचं टोपण काढत होता.

"काय करू, पाटील," साहेब त्यांच्याकडे वाकून म्हणाले. "सरपंचांनी चिठ्ठी दिली असती तर खिशात घातली असती. पण गणपूर्ती झालेल्या ग्रामसभेचा ठराव! तोही आजच्या दिवशी! मीच कसा डावलू?"

तरीही भाऊंनी आशा सोडली नव्हती. वही अजून त्यांच्याच हातात होती. "बदलीबाबत चर्चा झाली. योग्य ती कार्यवाही व्हावी," अशी गुळमुळीत ओळ त्यांनी लिहिली आणि वही झुलालकडे दिली. झुलाल अंगठ्यासाठी शाईचा डबा घेऊन पहिल्या रांगेत गेला.

"पयले वाचा," जीवराम हात मागे घेत म्हणाला. "आम्ही काय बोलनूत, ते आमले कळू द्या. मांगली बारीले फसनूत."

कन्हैयालालनी चष्मा लावून ओळ वाचली. ती कोणालाच आवडली नाही.

"असं कोरडं?" बेबाबाई म्हणाली. "आमना म्हताऱ्यानं बोलनं तं कितलं भारी लिखं व्हतं! तसं लिखा."

भाऊंना ती ओळ खोडावी लागली. मग उन्हात बसून त्यांनी स्वतःच्याच हाताने लिहिलं की, ग्रामसेवक शालिग्राम पाटील हे कर्तव्यदक्ष असून त्यांच्यामुळे नागरिकांस आपल्या हक्कांची जाणीव झाली. सबब त्यांची बदली कोणत्याही परिस्थितीत करू नये. 'कोणत्याही परिस्थितीत' हे शब्द जीवरामने सुचवले. कन्हैयालालनी ठराव दोनदा वाचून दाखवला आणि मगच सह्या सुरू झाल्या. कोणी वही घेऊन घरोघर फिरलं नाही. लोक रांगेने आले.

शनिवारी भाऊ पाचोऱ्याला गेले आणि ठरावाची नक्कल त्यांनी सुनंदाबाईंच्या हातात ठेवली. त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली. नवऱ्याची भाषा त्या ओळखून होत्या.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पण स्वतःची बदली अडवणारं असलं खोटं कशाला लिहिलंत?"

"खोटं नाही. झालं तसं."

सुनंदाबाई खाटेवर बसल्या. कागदाची घडी त्यांनी एकदा घातली, एकदा उलगडली.

"सहा वर्षं सरकारसाठी वह्या भरभरून खोटं लिहिलंत," त्या म्हणाल्या. "एकदा घरासाठी नाही लिहिता आलं?"

"लिहिलं होतं," शालिग्रामभाऊ म्हणाले. "त्यांनी सही करण्याआधी वाचून घेतलं."