आधी आत्या जेवणार

मी बी.ए. झालो तो ठकूआत्यामुळे. आईवडिलांमागे तिनेच मला वाढवले, शाळेत घातले. पण भिंगारजवळच्या आमच्या वस्तीवर तिची ख्याती वेगळीच होती. ही बाई पुरुषांच्या आधी जेवते!

रोज नव्हे. पावसाळ्यात चुलीवर अळंबी शिजली की तेव्हाच. पहिली वाटी ती एकटी संपवायची आणि पातेले फळीवर ठेवून द्यायची. "आता उद्या. मी उठले तर जेव, न्हाई तर चौघं बलाव." मग तो सारा दिवस मी तिच्या तोंडाकडे बघत काढायचो. ती नुसती शिंकली तरी मी धावत जवळ जायचो. "का रं, लई घाई झाली तुला?" ती विचारायची.

अळंबी मात्र पारखून घ्यायची. वारुळावरची, जमिनीत खोल मूळ गेलेली ती घरात. देठाच्या तळाला पिशवी दिसली की ती कुत्र्याची छत्री, लांब फेकायची. चांदीचा रुपया टाकून बघ, विष असेल तर काळा पडतो, असे म्हणणाऱ्यांना ती म्हणे, "रुपयाला पोट हाय व्हय?"

मी मॅट्रिक पास झालो, तेव्हा शेजारच्या हौसाबाईंनी कौतुकाने ओटीभर अळंबी आणली. सगळे देठ वरच मोडलेले. तळ जमिनीतच राहिलेला.

"टाकून दे," मी म्हटले.

"हौसा रुसंल. आन् तुला आवडती की."

सकाळी तिने खाल्ली आणि दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. डोळे आत गेले, हात गार पडले. वैद्यबुवा नाडी धरून बसले. मी तळपायांना सुंठ चोळत होतो. दारात हौसाबाई रडू लागल्या.

"रडू नगं गं," आत्या पुटपुटली, "मीठच जास्त झालं हुतं."

दुसऱ्या दिवशी ती उठून बसली, पेज मागितली. तेव्हा मी ओरडलो, "साऱ्या बाया मागून जेवतात! तूच का आधी?"

तिने पेजेची वाटी खाली ठेवली.

"मीबी मागूनच जेवनार हुते. अळंबी शिजवली, आमचे मालक आधी बसले. लई झ्याक झाली म्हनाले, पातेलं पुसून खाल्लं. माझ्यासाठी उरलीच न्हाई."

पुढे संगमनेरला मास्तर झाल्यावर मी तिला पत्र टाकले:

"तीर्थस्वरूप आत्यास साष्टांग नमस्कार. वाचणाऱ्याने मोठ्याने वाचावे, आत्याला कमी ऐकू येते. नोकरी लागली, खोली मिळाली. तू आता इकडेच ये. इथे मला आधी वाढायचे नाही आणि तूही आधी खायचे नाही. दोन ताटे आणली आहेत. समोरासमोर बसू आणि एकदमच जेवू."