हलगी, शब्द वगळून

भारतचा हात पोलीस ठाण्यात मोडला, ही गोष्ट कागदावर कुठेही नाही. तो चोरीला गेलेल्या मोटारसायकलची फिर्याद द्यायला गेला आणि नोंदीप्रमाणे ठाण्याच्या पायरीवरून घसरला. त्याचा धाकटा भाऊ आनंदराज हलगी वाजवतो. त्याने या पायरीवर गाणं रचलं आणि ते जत्रेत म्हणायची रीतसर परवानगी मागितली. चूक इथे झाली.

"गाण्यात काठी हाय," जमादार व्यंकटराव म्हणाले. "काठी आमच्या रेकॉर्डला न्हाई. 'सौम्य बळ' लिव्ह."

आनंदराजने टेबलावर ठेका धरून म्हटलं, "सौम्य बळानं मोडला हात, माय गं..."

जमादारांना गाण्याचा कान होता. "ठेक्यात बसंना गा."

"मग काठीच ठिवू?"

"शब्दच काढ. ठेक्याला आमची हरकत न्हाई."

याच न्यायाने 'हात' गेला, 'ठाणं' गेलं. शेवटी 'माय'ही गेली.

"माय कामून काढता, जमादार?"

"लोकाला रडू येतं. गर्दीत रडणं म्हंजे कायदा-सुव्यवस्था."

कलावंताचं स्वातंत्र्य अबाधित ठेवून परवाना मिळाला: हलगी, शब्द वगळून.

जत्रेत आनंदराजने हलगी कडकडवली आणि शब्दांच्या जागी गप्प राहिला. पंचाईत अशी, की गाणं गावाला सहा महिन्यांपासून पाठ होतं. रिकामी जागा आली, की आठशे जणांचे मिटलेले ओठ हलायचे. 'माय'च्या जागेला दोघांची आई नागाबाई तोंडात पदर कोंबून रडली.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला नोटीस: 'सदर रिकाम्या जागेत आपण काय ऐकले, याचा लेखी खुलासा करावा.'

भारत मोडक्या हाताला चांगला हात जोडत दारोदार फिरला. "एकानं तरी लिवा, गाणं ऐकलं म्हणून. गाणं कागदावर आलं तर माझा हातबी येईल."

"हाव की, लिवतो!" सगळे म्हणाले. आणि आठशे जणांनी लिहिलं, 'ऐकू आले नाही.'

एका गावात आठशे बहिरे, म्हणजे साथच. अहवाल आरोग्य खात्याकडे गेला. शाळेत कानाच्या यंत्रांचं शिबिर भरलं.

"आजोबा, तुम्हाला स्पष्ट ऐकू येतंय," डॉक्टरीणबाई हणमंतरावांना म्हणाल्या.

"बाई, लेखी देऊन बसलोय. लावा मुकाट."

मीही लिहून दिलं होतं. निवृत्त मास्तर, अक्षर बरं, म्हणून गल्लीतल्या चाळीसेक जणांचंही मीच लिहिलं. यंत्र उत्तम आहे. लिंबावरची खारसुद्धा ऐकू येते. परवा ठाण्यावरून जाताना आतून कुणीतरी "माय गं" ओरडलं. मी यंत्र काढून खिशात ठेवलं.

पाहतो तर सगळा रस्ता थबकलेला, प्रत्येकाचा हात कानाशी. त्यात तुम्हीही होतात. ओळखलं मी. पण हाक मारली नाही. तुमचंही यंत्र खिशात होतं.